‘रिफ्रॅक्टरी’ म्हणजे नेमके कोण दाद देत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या १९ वर्षांच्या बहिणीला अकराव्या वर्षापासून फिट येतात. आतापर्यंत तीन औषधे झाली, तरी महिन्याला तीन-चार झटके येतच आहेत, आणि मागच्या भेटीत डॉक्टरांनी तिच्या फाइलवर ‘ड्रग रिफ्रॅक्टरी एपिलेप्सी’ (औषधांना दाद न देणारा अपस्मार, म्हणजे फिटचा आजार) असे लिहिले. तुम्ही स्वतः फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि शरीरक्रियाशास्त्राच्या पुस्तकात ‘रिफ्रॅक्टरी पिरियड’ वाचला आहे. हे दोन्ही ‘रिफ्रॅक्टरी’ एकच का, यावरचे संशोधन कुठवर आले आहे, आणि या शब्दाचा अर्थ ‘आता करण्यासारखे काही उरले नाही’ असा घ्यायचा का, हे तुम्ही विचारले आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : असा अर्थ घेऊ नका. गेली २६ वर्षे मी अपस्माराचे रुग्ण पाहतो आहे, आणि हा शब्द ऐकून घरची मंडळी खचतात, तपास तिथेच थांबतो आणि पुढची आठ-दहा वर्षे चौथे, पाचवे, सहावे औषध नुसते बदलत राहते, हे मी फार वेळा पाहिले आहे. हा शब्द लिहिला गेला त्या दिवशी तपासाची दुसरी फेरी सुरू व्हायला हवी असते. ती कशी, हे सांगण्याआधी तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे वळतो, कारण तो वरवर शब्दांचा खेळ वाटला तरी त्यात बरेच काही दडलेले आहे.

लॅटिनमध्ये या शब्दाच्या मुळाशी हट्टीपणाचा अर्थ आहे. आपण मराठीत ‘दाद न देणे’ म्हणतो ते त्याच्या अगदी जवळ जाते. ऊतींच्या संदर्भात तो रूढ झाला एकोणिसाव्या शतकात. १८७६ मध्ये फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांनी बेडकाच्या हृदयावर प्रयोग करताना दाखवले, की हृदय आकुंचन पावत असताना त्याला विजेचा दुसरा धक्का दिला तर ठरावीक काळात ते त्याला मुळीच प्रतिसाद देत नाही. हा काळ, म्हणजेच रिफ्रॅक्टरी पिरियड, संपला की तेच हृदय पुन्हा तयार असते. माणसाच्या हृदयाच्या खालच्या कप्प्यांत हा काळ साधारण पाव सेकंदाचा असतो, आणि म्हणूनच हातापायाच्या स्नायूला जसा पेटका येऊन तो ताठच राहतो, तसे हृदयाचे होत नाही. प्रत्येक ठोक्यानंतर त्याला सैल पडून रक्त भरून घ्यावेच लागते. चेतातंतूंमध्ये हाच काळ जेमतेम एक मिलिसेकंदाचा असतो. त्यामागची यंत्रणा हॉजकिन आणि हक्सली यांनी स्क्विड या सागरी प्राण्याच्या जाड चेतातंतूवर काम करून १९५२ मध्ये मांडली आणि १९६३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पेशीच्या आवरणातील सोडियमची दारे उघडतात, क्षणात आपोआप अडकतात, आणि आवरणावरचा विद्युतदाब पूर्वपदावर येईपर्यंत ती अडकलेलीच राहतात. दार नुसते लोटलेले असणे आणि त्याला कडी लागलेली असणे यांत जो फरक, तोच इथे मिटलेल्या दारात आणि अडकलेल्या दारात आहे. कडी लागलेल्या अवस्थेत बाहेरून कितीही ठोठावले तरी उपयोग नसतो.

म्हणजे ऊतीचे दाद न देणे हे निरोगी शरीराचे लक्षण आहे, ते एक प्रकारचे संरक्षण आहे. रोगाचे दाद न देणे ही मात्र आपल्या उपचारांविषयी केलेली नोंद असते. शब्द एक, गोष्टी दोन, असे म्हणून विषय संपवता आला असता. पण अपस्मारात या दोन गोष्टी एकमेकींना थेट भिडतात, आणि ते कसे घडते हे पाहण्याजोगे आहे.

फेनिटोइन हे औषध मेरिट आणि पुटनम यांनी १९३८ मध्ये वापरात आणले, तेव्हा ते कसे काम करते हे कोणालाच सांगता येत नव्हते. पुढे उलगडले ते असे : फेनिटोइन, कार्बामाझेपिन आणि लॅमोट्रिजिन ही औषधे सोडियमच्या दारांना मुख्यतः ती अडकलेल्या अवस्थेत असताना चिकटतात आणि कडी निघायला लागणारा वेळ लांबवतात. दुसऱ्या शब्दांत, ती पेशीचा रिफ्रॅक्टरी काळ वाढवतात. सेकंदाला दोन-चार संदेश पाठवणाऱ्या पेशीचे त्यामुळे फारसे बिघडत नाही, कारण दोन संदेशांच्या मधे औषध सुटून जायला पुरेसा अवधी मिळतो. पण फिटच्या वेळी सेकंदाला शेकडो संदेशांचा भडिमार करणारी पेशी मात्र अडखळते. जितका वापर जास्त तितका अटकाव जास्त, असा हा हिशेब आहे. रुग्ण गोळी घेऊन परीक्षा देऊ शकतो, स्वयंपाक करू शकतो, ते यामुळेच.

आता मुख्य धागा. औषधांना दाद न देणाऱ्या काही रुग्णांमध्ये शस्त्रक्रिया करून मेंदूच्या कानशिलाकडच्या भागातील हिप्पोकॅम्पस काढतात. ही ऊती लगेच थंड, प्राणवायूयुक्त द्रवात ठेवली तर तिच्या पातळ चकत्या काही तास जिवंत राहतात आणि त्यांतल्या एकेका पेशीवर औषधाचा परिणाम मोजता येतो. जर्मनीतील बॉन येथील संशोधकांनी २००३ मध्ये हे केले. ज्या रुग्णांना कार्बामाझेपिनचा उपयोग झाला नव्हता, त्यांच्या पेशींमध्ये या औषधाचा वापरागणिक वाढणारा अटकाव नाहीसा झालेला आढळला. औषध पेशीपर्यंत पोचले होते (संशोधकांनी ते थेट त्या द्रवातच मिसळले होते) आणि दारेही जागेवर होती, पण कडी लांबवण्याचे काम होत नव्हते. ज्या रिफ्रॅक्टरी काळावर औषधाची सगळी भिस्त, तोच औषधाला जुमानेनासा झाला होता. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत बोलका प्रयोग आहे. त्याची मर्यादाही लक्षात ठेवायला हवी : ज्यांना औषध चांगले लागू पडते त्यांच्यावर सहसा शस्त्रक्रिया होत नाही, त्यामुळे तुलनेसाठी ऊती फार थोड्या मिळतात. शिवाय एका औषधाची कडी निसटली म्हणून सगळ्यांचीच निसटते असेही नाही; प्रयोगशाळेतील उंदरांवर याच गटाने केलेल्या कामात फेनिटोइनचा परिणाम काही प्रमाणात घटला, तर लॅमोट्रिजिनचा बराचसा टिकून राहिला.

या विचाराला ‘लक्ष्य बदलल्याचे’ गृहीतक म्हणतात. त्याच्या शेजारी दुसरे एक गृहीतक उभे आहे, आणि तुम्ही फार्मसीचे असल्यामुळे ते तुम्हाला अधिक ओळखीचे वाटेल. पी-ग्लायकोप्रोटीन नावाचे एक प्रथिन पेशीतून परकी द्रव्ये बाहेर उपसून टाकते. १९७६ मध्ये ते कर्करोगाच्या औषधांना न जुमानणाऱ्या पेशींच्या अभ्यासात सापडले, आणि १९९५ मध्ये फिटच्या रुग्णांच्या काढलेल्या मेंदूऊतीतही त्याचे जनुक वाजवीपेक्षा जास्त कार्यरत असल्याचे दिसले. तर्क सरळ होता : रक्त आणि मेंदू यांच्या सीमेवरचा हा पंप जोरात चालत असेल, तर रक्तातील औषधाची पातळी कागदावर उत्तम दिसेल आणि मेंदूपर्यंत मात्र ते पोचणारच नाही. जर्मनीतच हॅनोवर येथे, फिनोबार्बिटोनला दाद न देणाऱ्या उंदरांना या पंपाला रोखणारे द्रव्य दिल्यावर तेच औषध पुन्हा लागू पडले. त्याआधीच, २००३ मध्ये, या पंपाच्या जनुकातील एका फरकाचा औषध न लागण्याशी संबंध असल्याचा शोधनिबंध आला आणि बरीच आशा निर्माण झाली. पुढे अनेक देशांत तो पडताळून पाहिला तेव्हा मात्र संबंध टिकला नाही. माणसांमध्ये पंप रोखून फिट आटोक्यात आणण्याचा उपचार आजही हाती नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘पंप बंद करणाऱ्या’ गोळ्यांच्या नावाखाली हृदयाची आणि रक्तदाबाची औषधे स्वतःच्या मनाने सुरू केलेले लोक मी पाहिले आहेत.

तिसरा विचार असा की काहींचा आजार मुळातच जास्त तीव्र असतो. सुरुवातीला फिटची संख्या जास्त असलेल्यांमध्ये औषध कमी लागू पडते, हे निरीक्षण त्याच्या बाजूने आहे. चौथा असा की वारंवारच्या फिटमुळे पेशींची जोडणीच नव्याने बांधली जाते. यांतला कोणताही एक विचार सगळ्या रुग्णांना लागू होईल असे मला वाटत नाही.

ऊतीचे बदलणे इतके सावकाशच होते असेही नाही, ते काही मिनिटांतही होते. फिट पाच मिनिटांत थांबली नाही की आम्ही तिला ‘स्टेटस एपिलेप्टिकस’ मानून उपचार सुरू करतो. मेंदूतील गाबा हे शामक द्रव्य पेशीवरच्या ज्या ग्राहकांवर (रिसेप्टरवर) काम करते आणि डायझेपाम, लोराझेपाम, मिडाझोलाम ही औषधे ज्यांना चिकटतात, ते ग्राहक फिट लांबत गेली की पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढले जातात. अमेरिकेतील दोन स्वतंत्र प्रयोगशाळांनी २००५ मध्ये हे दाखवले. त्याआधी १९९७ मध्येच उंदरांवरील एका अभ्यासात, फिट सुरू होऊन १० मिनिटांनी जितके डायझेपाम पुरत होते त्याच्या जवळपास दहापट ४५ मिनिटांनी लागले होते. औषध, उंदीर आणि आजार तेच होते, फरक होता तो पस्तीस मिनिटांचा. म्हणून लांबलेली फिट ‘रिफ्रॅक्टरी’ आहे असे आम्ही म्हणतो, तेव्हा तिच्या हट्टात आपल्या उशिराचाही वाटा असू शकतो. क्षयरोगात औषध लागेनासे होते तेव्हा बाहेरून आलेला जंतू बदललेला असतो. इथे बदलते ती आपलीच ऊती, आणि ती बदलायच्या आत गाठता येते. २०१२ मध्ये अमेरिकेत रुग्णवाहिकांमध्ये झालेल्या एका मोठ्या चाचणीत, मांडीच्या स्नायूत दिलेल्या मिडाझोलामने रुग्णालयात पोचेपर्यंत ७३ टक्के रुग्णांची फिट थांबली, तर शिरेतून दिलेल्या लोराझेपामने ६३ टक्क्यांची. शीर शोधण्यात जाणारा वेळ वाचला, हे त्याचे मोठे कारण. या पहिल्या औषधांनंतरही फिट चालू राहिली तर लेव्हेटिरासिटाम, फॉसफेनिटोइन आणि व्हॅल्प्रोएट या तिन्हींपैकी कोणतेही दिले तरी साधारण निम्म्याच रुग्णांत ती थांबते, असे २०१९ च्या चाचणीत दिसले.

आता बहिणीच्या फाइलवरच्या शब्दाकडे येतो. आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेने २०१० मध्ये त्याची व्याख्या ठरवली : आजाराच्या प्रकाराला योग्य अशी, सोसवणारी आणि पुरेशा मात्रेत दिलेली दोन औषधे, एकेकटी किंवा एकत्र, वापरूनही फिट दीर्घकाळ थांबल्या नाहीत, तर तो अपस्मार औषधांना दाद न देणारा म्हणावा. दोनच औषधे का, असा प्रश्न पडेल. त्यामागे ग्लासगो येथील क्वान आणि ब्रॉडी यांचा २००० मधील अभ्यास आहे. त्यांच्या ५२५ रुग्णांपैकी, ज्यांनी आधी कोणतेच औषध घेतले नव्हते त्यांच्यातले ४७ टक्के पहिल्याच औषधावर फिटमुक्त झाले, दुसऱ्यावर आणखी १३ टक्के, आणि तिसऱ्या एकट्या औषधावर अवघा १ टक्का. २०१८ मध्ये त्याच केंद्राने जवळपास १,८०० रुग्णांचा, मधल्या काळात बाजारात आलेल्या डझनभर नव्या औषधांसह, पुन्हा हिशेब मांडला. फिटमुक्त होणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ६४ टक्के, म्हणजे जवळजवळ होते तेवढेच राहिले होते. नव्या औषधांचे दुष्परिणाम कमी आहेत हे खरे, पण ज्या एक-तृतीयांश लोकांना आधी यश येत नव्हते त्यांच्यासाठी चित्र फारसे पालटलेले नाही. ‘आणखी एक नवीन गोळी करून पाहू’ या वाक्याकडे मी सावधपणे पाहतो ते यामुळे.

व्याख्येतील ‘योग्य’ आणि ‘पुरेशा’ या विशेषणांवर मात्र बारकाईने थांबावे लागते. अंगावर पुरळ आले म्हणून दहा दिवसांत बंद केलेले औषध ‘अपयशी’ मोजायचे नसते, आणि ज्याची मात्रा कधी वाढवलीच नाही तेही नाही. सकाळी उठल्यावर हात झटके मारून हातातला कप पडतो, अशा किशोरवयीन मायोक्लोनिक अपस्मारात कार्बामाझेपिन दिले तर फिट उलट वाढू शकतात. ‘एससीएन१ए’ या जनुकाच्या दोषामुळे होणाऱ्या ड्राव्हे सिंड्रोममध्येही सोडियमची दारे अडवणारी औषधे टाळायची असतात, कारण तिथे शामक पेशींचीच दारे आधी कमकुवत झालेली असतात. परीक्षेच्या काळातले जागरण, लग्नघरात चुकलेल्या मात्रा, गोळीमुळे वजन वाढते म्हणून मुलीने गुपचूप सोडलेली गोळी, या गोष्टी कुटुंबासमोर न विचारता एकटीला विचाराव्या लागतात.

आणि कधीकधी तो अपस्मारच नसतो. एका मुलीला सहा वर्षे ‘न जुमानणारी फिट’ म्हणून दोन औषधे चालू होती. धावताना किंवा अचानक मोठा आवाज झाला की ती कोसळायची. तिचा ईसीजी कोणी काढलाच नव्हता. काढला तेव्हा क्यूटी अंतर बरेच लांबलेले निघाले. म्हणजे तिच्या हृदयाच्या पेशींना पूर्वपदावर यायला जास्त वेळ लागत होता, त्यातून ठोक्यांची लय बिघडत होती, मेंदूचा रक्तपुरवठा क्षणभर तुटत होता आणि तिचे अंग झटके देत होते. तुम्ही पुस्तकात वाचलेला रिफ्रॅक्टरी काळ बिघडला होता तो तिच्या हृदयात, आणि फाइलवर ‘रिफ्रॅक्टरी’ ठरला होता तिचा मेंदू. तुमच्या बहिणीचा एक साधा बारा लीडचा ईसीजी झालेला नसेल तर तो आधी करून घ्या. भावनिक ताणातून येणारे, अपस्मारासारखे दिसणारे झटकेही असतात. ते ढोंग नसते, पण त्यांचा उपचार वेगळा असतो, आणि ते ओळखण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे व्हिडिओ-ईईजी, म्हणजे झटक्याचे चित्रीकरण आणि मेंदूचा विद्युत आलेख एकाच वेळी घेणे.

मूळ कारण सापडल्याने वाटच बदलते, अशीही काही उदाहरणे आहेत : साखर मेंदूत नेणाऱ्या प्रथिनाचा दोष असेल तर कीटोजेनिक (भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी पिष्टमय) आहार, पायरिडॉक्सिनवर अवलंबून असलेल्या फिट असतील तर तेच बी-६ जीवनसत्त्व, मेंदूतील एलजीआय-१ या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे असतील तर स्टेरॉइड. ही संख्येने थोडी आहेत, पण चुकवून चालण्यासारखी नाहीत.

हे सगळे तपासूनही आजार खरोखरच दाद देत नसेल, तर पहिला विचार शस्त्रक्रियेचा करायचा, तो सर्वांत शेवटी नव्हे. कॅनडातील लंडन शहरात झालेल्या चाचणीत (निष्कर्ष २००१) कानशिलाच्या भागातून येणाऱ्या फिटच्या ८० रुग्णांपैकी शस्त्रक्रियेच्या गटातील ५८ टक्के वर्षभरानंतर शुद्ध हरपवणाऱ्या फिटपासून मुक्त होते, तर केवळ औषधांच्या गटातील ८ टक्के. दिल्लीच्या एम्समध्ये ११६ मुलांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हेच आकडे ७७ आणि ७ टक्के होते. शस्त्रक्रियेच्या गटात काही मुलांना एका बाजूची अशक्तता यांसारखे गंभीर परिणाम झाले, मात्र त्यांतले बरेचसे काढलेल्या किंवा तोडलेल्या भागावरून आधीच अपेक्षित होते. डोके उघडायचे म्हटले की आपल्याकडे घरात सन्नाटा पसरतो, हे मी समजू शकतो. पण वर्षानुवर्षे येणाऱ्या मोठ्या झटक्यांचा धोकाही खरा असतो, भाजण्या-बुडण्याचा आणि क्वचित झोपेत अचानक मृत्यूचाही. तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था, बंगळुरूचे निम्हान्स, दिल्लीचे एम्स आणि मुंबईचे के.ई.एम. येथे अशा रुग्णांचे सर्वांगीण मूल्यमापन होते.

शस्त्रक्रिया शक्य नसेल तर आहारोपचार आणि गळ्यातील व्हेगस चेतेला उत्तेजन देणारे यंत्र हे पर्याय उरतात. त्यांनी फिट निम्म्यावर येणे शक्य असते, पूर्ण थांबणे क्वचित घडते. ‘रिफ्रॅक्टरी’ हा शिक्काही कायमचा नसतो : असा शिक्का बसलेल्या प्रौढांपैकी दरवर्षी साधारण ४ ते ५ टक्के जण सलग बारा महिने फिटमुक्त होतात, असे दीर्घकालीन अभ्यासांत दिसले आहे, जरी त्यांतल्या अनेकांना पुढे फिट पुन्हा येतात.

बहिणीसाठी या आठवड्यात करायच्या गोष्टी अशा. घरात नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे ठेवावा का आणि किती मात्रेचा, हे तिच्या डॉक्टरांना विचारा, आणि तो घरातल्या दोघांना तरी वापरता आला पाहिजे. पुढची फिट आली की तिला कुशीवर वळवून दुसऱ्या कोणाला मोबाइलवर चित्रीकरण करायला सांगा. तोंडात चमचा, कांदा, चप्पल काही नको. तीनही औषधांची नावे, प्रत्येकाची सर्वांत मोठी मात्रा, ती किती महिने दिली आणि का थांबवली, हे एका कागदावर तारखांसह लिहून काढा. आणि एमआरआय ‘नॉर्मल’ होता असे तुम्ही लिहिले आहे, तो कोणत्या साली, किती टेस्लाच्या (चुंबकशक्तीचे एकक) यंत्रावर आणि अपस्मारासाठीच्या खास पद्धतीने काढला होता का, हे पाहा. हिप्पोकॅम्पसचा आक्रस किंवा मेंदूच्या सालीतील बारीकसा जन्मजात दोष नेहमीच्या जाड छेदांत सहज निसटतो. पुढच्या तज्ज्ञांकडे जाताना नुसता अहवालाचा कागद नेऊ नका, सीडी न्या; ज्याला कुठे पाहायचे ते ठाऊक आहे, तो चित्रे स्वतः पाहील.